कॉफी आल्याशिवाय उठू नये

४ सप्टेंबर २०१४, गुरुवार

वही माझी, शब्द माझे, हात तेवढा कल्लिओपीचा. ती माझ्या मुलीची मुलगी. मी लहान असताना आमच्या ग्रीक कालिम्नोस बेटावर इटालियनांचा अंमल होता. त्यांनी शाळेत त्यांची भाषा आणली, तर आमच्या लोकांनी पोरंच शाळेत धाडली नाहीत. मग लढाई आली. लढाई संपली तोवर मी मासे साफ करायला लागले होते, लिहाय-वाचायचं राहिलंच. त्यामुळे आजवर कुणाविषयी मनात जे असेल ते तोंडानेच सांगितलं, आणि ज्याचं त्याला नीट पोचलंही. पण ब्रेंडन डेसीसाठी तोंड पुरणार नाही. त्याचं लेखीच हवं.

सोमवारी सकाळी नगरपालिकेच्या क्रेनने किनाऱ्यावरचा पाणबुड्यांचा दगड उपटला. त्यावर अकरा नावं आहेत. वरून आठवं माझ्या नवऱ्याचं, नोमिकोसचं. बेट सोडून आम्ही या इंग्रजी मुलखात आलो, आणि चौसष्टच्या ऑक्टोबरात तो मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात खाली गेला. हवेची नळी वर आली, तो आला नाही. मला कबर नाही, दगड आहे. दगड उभारला तेव्हापासून चाळीस वर्षं दर शनिवारी मी त्या नावावर हात ठेवून त्याला आठवड्याच्या बातम्या सांगते. आता तिथे महापौर डेसीच्या मेहुण्याचं हॉटेल समुद्राकडे तोंड करून बसणार, आणि माझा नवरा कचऱ्याच्या गाड्यांमागे पालथा पडलाय.

डेसी जोवर त्या खुर्चीत आहे तोवर दगड परत येत नाही. म्हणजे मला काय हवंय ते उघड आहे.

कल्लिओपी नगरपालिकेच्याच कचेरीत नोकरीला होती. तीन आठवड्यांपूर्वी बॅग घेऊन माझ्याकडे आली. रजा घेतलीय म्हणते. का, तर दमलेय. सव्विसाव्या वर्षी मी विधवा, दोन पोरींची आई आणि कोळंबी सोलणाऱ्यांच्या रांगेत पहिली होते. दमायला सवड नव्हती. हेही लिही म्हटलं. लिहिलंन्.

११ सप्टेंबर

माझ्या बहिणीचा मुलगा स्तामातिस आला होता. तो नगरसेवक आहे. सात जणांची नगरपालिका: डेसी, त्याचे दोन हुजरे, त्याच्या विरोधातले तिघं, आणि मधे आमचा स्तामातिस, जन्मापासून तळ्यात-मळ्यात.

मी म्हटलं, "काढून टाका त्याला."

"मावशी, महापौर लोकांनी निवडलेला असतो. आम्हाला काढता येत नाही."

"मग काय येतं तुम्हाला?"

तो बोटांवर मोजत सांगू लागला. निषेधाचा ठराव करता येतो. समित्यांवरून उतरवता येतं. सरकारी गाडी काढून घेता येते. वर मंत्र्याला पत्र लिहिता येतं, मंत्री वाचेल तेव्हा वाचेल.

"म्हणजे बैल गोठ्यातच राहणार," मी म्हटलं, "तुम्ही फक्त झूल काढणार."

"झूल काढली तरी दिसतं ना मावशी, बैल किती वाळलाय ते."

हा मुलगा लहानपणीसुद्धा असाच होता. मांजराने मासा पळवला तर मांजराच्या बाजूने बोलायचा.

मतदानाला हात वर करशील का, विचारलं. डेसीने त्याच्या मासळीच्या दुकानासमोर गाड्या लावायला जागा करून दिली आहे, म्हणून तो विचार करतोय. मी त्याला कॉफी दिली नाही.

१७ सप्टेंबर

वर्तमानपत्रात डेसीबद्दल नवीन आलंय. कल्लिओपी वाचून दाखवत नव्हती, म्हणून शेजारणीला बोलावलं. कचेरीतल्या एका मुलीने तक्रार दिली आहे. डेसी तिला कामाच्या निमित्ताने थांबवून घ्यायचा, दार लावायचा, हात लावायचा. चार महिने. मुलीचं नाव छापलेलं नाही. डेसी म्हणतो, ती मुलगी कामात कच्ची होती, आता सूड उगवतेय.

मला त्या मुलीचा रागच आला. चार महिने गप्प बसायचं म्हणजे काय? टेबलावर गरम कॉफी नव्हती? पायात टाचेचा बूट नव्हता? आणि घरी येऊन कुणाला सांगायला काय झालं होतं? त्या मुलीला आजीबिजी कुणी नाही का?

हे सगळं जसंच्या तसं लिही म्हटलं. कल्लिओपीचा पेन मधेच थांबला. शाई संपली म्हणाली. दुसरा पेन आणायला गेली ती बऱ्याच वेळाने आली. या घरात सहा पेन आहेत आणि सगळे फ्रीजवरच्या डब्यात आहेत.

१ ऑक्टोबर

काल महिन्याची सभा झाली. डेसी आलाच नाही. सर्दी झाली म्हणून निरोप पाठवला. सभेने रजा मंजूर करावी अशीही विनंती होती.

उपमहापौर लोर्ना व्हिटबीबाई ही औषधांच्या दुकानाची मालकीण आहे. मोजून मापून बोलते, जशी गोळ्या देते. ती म्हणाली, रजेला माझं मत नाही. ती धरून तिघं एका बाजूला, हुजरे दोघं दुसऱ्या बाजूला. स्तामातिस म्हणे तेवढ्यात पाणी पीत होता. रजा नामंजूर. निषेधही मंजूर, समित्याही काढल्या. स्तामातिस तीन पेले पाणी प्याला.

डेसी आज रेडिओवर हसत होता. निषेधाच्या कागदात मासे गुंडाळा म्हणाला.

हसून घे बाबा. आमच्याकडे ऑक्टोपसला मऊ करायला खडकावर चाळीस वेळा आपटतात. आत्ता एकदाच आपटलाय.

१२ ऑक्टोबर

चर्चनंतर व्हिटबीबाईच मला भेटायला आली. मला कधी वाटलं नव्हतं की कायद्याच्या पुस्तकात इतकं गोड काही असेल. कल्लिओपीकडून दोनदा वाचून घेतलं. जो सदस्य रजेशिवाय लागोपाठ दोन मासिक सभांना गैरहजर राहील त्याची जागा आपोआप रिकामी होते. महापौरालाही तेच लागू. ठराव नको, मंत्री नको. झाडावरून पिकला आंबा पडावा तसं.

एक झालीय. दुसरी २८ तारखेला.

"पण त्यालाही ठाऊक असणार," मी म्हटलं.

"आहे ना," बाई म्हणाली. "म्हणून तो सभाच होऊ देणार नाही. सभेला चार माणसं लागतात. तो आणि त्याचे दोघं आले नाहीत तर आम्ही तिघंच उरतो. कोरम नाही म्हणजे सभा नाही, आणि सभाच नाही तर गैरहजेरी कसली? त्या दिवशी त्या मुलीचा लेखी जबाब वाचायचा आहे. तो वाचला जाऊ नये एवढंच त्याला हवंय."

"चौथा कोण?"

चौथा माझ्या बहिणीच्या पोटचा.

दुपारी स्तामातिसला बोलावलं. तो घामाघूम. डेसीने त्यालाही त्या दिवशी येऊ नकोस म्हणून सांगितलंय. "मावशी, मी त्या दिवशी आजारी पडेन म्हणतो."

"तू आजारी पडू नकोस. २८ ला तुझ्या काकांचं पन्नासाव्या वर्षाचं स्मरण आहे. संध्याकाळी इथे जेवायला बस. तुला कोण बोलणार?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. असा भाचा असण्यापेक्षा मांजर बरं. ते निदान उंदीर दिसला की उडी मारतं.

१४ ऑक्टोबर

डेसीला फोन करायला लावला. तो लगेच आला, फुलं घेऊन. वीस वर्षं आमच्या लोकांच्या मतांवर जगलाय. लग्न, बारसं, स्मरणाचं जेवण, एक सोडत नाही. आमचे दहा शब्द आणि आमच्या सगळ्या रीती आपल्याला पाठ आहेत असं त्याला वाटतं. दृष्ट लागू नये म्हणून ताटलीवर थुंकी न उडवता "थू थू" कसं करायचं हेही मलाच शिकवायला कमी करायचा नाही.

"याया," मला म्हणाला, "दगड आपण आणखी चांगल्या जागी बसवू." मी याची आजी कधी झाले कुणास ठाऊक.

"होईल ते होईल," मी म्हटलं. "२८ ला स्मरणाचं जेवण आहे. स्तामातिसही येतोय. साडेपाचला या. तुम्ही आलात तर माझ्या नोमिकोसचा मान होईल."

स्तामातिसचं नाव ऐकून त्याचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलं. चौथा माणूस समोर ताटावर बसलेला असेल, तर त्याला घोर कसला? आणि दोष आला तर आमच्या रीतीवर ढकलता येतो.

"याया, अशा दिवशी मी दुसरीकडे जाईनच कसा?"

तो होता तेवढा वेळ, अर्धा तास, कल्लिओपी न्हाणीघरात नळ सोडून होती. मी ओरडले की पाण्याचं बिल काय तुझा बाप भरतो. बाहेर आली तेव्हा तिचे केस कोरडे होते.

१९ ऑक्टोबर

स्तामातिस बदलला. मी त्याला आज पुन्हा फैलावर घेतलं: तुझी आई असती तर, तुझे काका असते तर, सगळं काढलं. तो नेहमीसारखा बशीकडे बघत बसला. मग अंगणात गेला. तिथे कल्लिओपी कपडे वाळत घालत होती. दोघं आंब्याखाली बराच वेळ उभी होती. ती बोलत होती, तो ऐकत होता. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो मला म्हणाला, "मावशी, किती वाजता निघू तेवढं सांग."

बघा, माझ्या तोंडाला अजून धार आहे.

२७ ऑक्टोबर

मेलेल्याच्या नावाने वाटायचे स्मरणाचे गहू शिजवले. निथळून रात्रभर फडक्यावर पसरून ठेवायचे, मग डाळिंब, बेदाणे, दालचिनी, वरून पिठीसाखरेचा थर. त्यावर मेलेल्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं रुपेरी गोळ्यांनी काढायची. हे काम कल्लिओपीचं, उघडच आहे.

तिने काढली. मी पाहिलं. मला वाचता येत नसलं तरी नोमिकोसचं पहिलं अक्षर मी चाळीस वर्षं बोटाने ओळखते. दोन खांब आणि मधे तिरकी फळी. इथे तर दोन्ही अक्षरांना पोटं होती.

"पोरी, चुकलीस."

"नाही चुकले, याया."

"मग हे कुणाचं?"

"ब्रेंडन डेसीचं."

मी खुर्चीत बसले. जित्या माणसाच्या नावाचे गहू आमच्याकडे शत्रूसुद्धा करत नाही. मी पुसायला हवं होतं. पण पाहिलं तर पोरीचा हात थरथरत नव्हता. महिन्याभरात पहिल्यांदाच. माझ्या दगडासाठी ही एवढी पेटलीय हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, देवा, माफ कर, गोळ्या फार सुबक बसल्यात.

सकाळी पाद्रीबाबा आशीर्वाद देतील. त्यांना चष्म्याशिवाय साखर आणि मीठ सारखंच दिसतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

कालचं सगळं आज सांगते, एकदम.

२८ तारीख म्हणजे आम्हा ग्रीकांचा "नाही" म्हणायचा दिवस. इटालियनांनी वाट मागितली, आम्ही नाही म्हटलं. चांगला मुहूर्त.

डेसी साडेपाचला आला. दारात गव्हाची वाटी दिली. "त्याची स्मृती अमर राहो," म्हणाला, आमच्या भाषेत, आणि चमचाभर तोंडात टाकला. त्याच्या वाटीत त्याच्या पहिल्या अक्षराचं पोट आलं होतं, रुपेरी गोळ्यांसकट. चावलंन्. दुसरा चमचा मागितला. मी दिला.

मग मी टोपली पुढे केली. "फोन इथे ठेवा. स्मरणाच्या टेबलावर फोन वाजला तर मेलेल्याला वाटतं आपल्यालाच बोलावतायत."

"हो हो, माहीत आहे मला ही रीत," म्हणाला आणि फोन टाकला. ती रीत मी सकाळी भांडी घासताना काढली होती.

मासे, ऑलिव्ह, पाव, ब्रँडी. स्तामातिस समोरच. डेसी दर पाच मिनिटांनी त्याच्याकडे बघायचा, जशी आपण कडी लागलीय ना ते बघतो. सहा वाजले. सहाला सभा सुरू होते, आणि चार माणसं जमायला अर्धा तास वाट पाहतात. सहा वाजून दहा मिनिटांनी मी म्हटलं, "स्तामातिस, जा, निखाऱ्यांवरचा ऑक्टोपस बघ." तो मागच्या दाराने गेला. मागे चुलाणात आंब्याची ओली लाकडं घातली होती. धूर असा की शेजारणीने कपडे आत नेले. ऑक्टोपस नव्हताच. मागच्या गल्लीने नगरपालिका चार मिनिटांवर आहे.

"स्तामातिस, करपू देऊ नकोस हं," मी खिडकीतून ओरडले.

"मुलगा काही बोलत नाही," डेसी म्हणाला.

"धूर गेला असेल तोंडात. लहानपणापासून मंद आहे."

डेसी हसला. "चांगला माणूस आहे. सांगितलेलं ऐकतो."

साडेसहा वाजले. डेसीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पाय पसरले आणि स्वतःच ब्रँडी ओतून घेतली. कोरम नाही असं समजून बिचारा मोकळा झाला. मग मला सांगू लागला की शहर चालवणं किती कठीण असतं. कचेरीतल्या पोरी आजकाल किती हळव्या. जरा पाठीवर हात ठेवला की छापून येतं. मी मान डोलावत होते. तोवर माझ्या डोक्यात दगडच होता.

पावणेसातला तो उठायला लागला. "याया, आता निघतो."

"कॉफीशिवाय?"

तो खाली बसला. "छे छे. स्मरणाच्या जेवणाला कडू कॉफी आल्याशिवाय उठायचं नाही. मला शिकवताय काय?"

ही रीत मात्र खरी आहे. व्हिटबीबाईला मी सांगितलं होतं, शेवट झाल्याशिवाय कॉफी जाणार नाही, कारण सभा चालू असताना तो धावत पोचला तर हजर धरावा लागेल. मी नोमिकोसच्या गोष्टी काढल्या. चौसष्टचं वादळ, बासष्टचं वादळ, जी झालीच नाहीत तीही वादळं. सात वाजले. सात वाजून सहा मिनिटं.

तेवढ्यात आतून कप वाजले. ठरलं होतं की व्हिटबीबाईचा फोन आला की शेजारीण कॉफी आणेल. ट्रे घेऊन आली कल्लिओपी. केस बांधलेले, कचेरीत जायचा पांढरा शर्ट घातलेला. सरळ त्याच्याजवळ गेली. कप ठेवला. थेंब सांडला नाही.

"कडूच आहे, सर."

डेसीने वर पाहिलं. मी पंचाहत्तरी ओलांडलेली बाई आहे, मासे पाहून सांगते किती वेळापूर्वी मेलाय. त्या माणसाचा रंग मी पाहिला. तो "पॉपी" म्हणाला. कचेरीत तिला पॉपी म्हणतात हे मला ठाऊक होतं. ती माझी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे वळला, पुन्हा तिच्याकडे.

आणि मला शाई आठवली. नळ आठवला. आंब्याखालचा स्तामातिस आठवला. माझ्या तोंडाची धार म्हणे.

मी म्हटलं, "माझी नात. पिऊन घ्या, मेयरसाहेब. गार झाली की आणखी कडू लागते."

त्याने कप उचलला नाही. पुढच्या दाराने स्तामातिस आत आला. अंगाला धुराचा वास नव्हता. त्याने टाय लावला होता.

"मावशी, चौघं होतो. जबाब वाचला. चिटणिसांनी हजेरी घेतली. सात वाजून चार मिनिटांनी सभा संपली." मग डेसीकडे वळला. "तुमचं नाव तीनदा पुकारलं."

डेसी काहीतरी कोर्टाबद्दल बोलत टोपलीतला फोन शोधू लागला. दारातून बाहेर पडताना उंबऱ्याला पाय अडखळला, तेव्हा मीच "जपून" म्हटलं. यजमानीण आहे मी.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्रेन आली. तीच क्रेन, तोच माणूस. दगड उभा राहिला. एका कोपऱ्याचा टवका गेलाय. हॉटेलाचं काम थांबलंय. डेसी कोर्टात गेला होता. तिथेही त्याला विचारलं म्हणे, सभेच्या वेळी तुम्ही कुठे होता? जेवत होतो, असं सांगावं लागलं. ते ऐकून मी दोन दिवस नीट झोपले.

आज नावावर हात ठेवला. दोन खांब, तिरकी फळी. नोमिकोसला सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र त्याला कुजबुजत सांगितली, कारण कल्लिओपी शेजारी उभी होती. सुडाने पोट भरतं का विचारशील, तर भरतं. पण मी त्याला दुसरा चमचा दिला तो दगडासाठी. खऱ्या कारणासाठी मी त्याला अख्खं पातेलं खाऊ घातलं असतं.

पोरीला मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. सोमवारपासून ती कामावर जातेय, त्याच कचेरीत. सकाळी टाचेचे बूट पुसून ठेवलेले दिसले.

सप्टेंबरात मी त्या मुलीविषयी जे बोलले ते पान फाडून टाक म्हटलं. नाही म्हणाली. मग म्हणाली, याया, शेवटची एक ओळ मी माझी लिहू का? लिही म्हटलं. वाचून दाखवायची गरज नाही.

*१७ सप्टेंबरच्या पानावर यायाने विचारलं होतं, त्या मुलीला आजीबिजी कुणी नाही का. आहे.*